झेरॉक्स मशीन आणि स्कॅनरमधल्या यांत्रिक सुधारणेचे पेटंट: अर्ज परीक्षेत टिकेल असा कसा लिहावा

सातारा एमआयडीसी, मिरज, कुपवाड या पट्ट्यात टर्निंग, शीटमेटल, मोल्डिंगची कामे करणारी छोटी वर्कशॉप आहेत. कोर्ट आणि तहसील कचेऱ्यांभोवती झेरॉक्सची दुकाने आहेत, आणि ती मशीन चालती ठेवणारे मेकॅनिक आहेत. जुलै-ऑगस्टात पाटण, जावळी, शिराळा भागात कागद दमट होतो, दोन-दोन पाने एकदम ओढली जातात, पातळ कागद रोलरपाशी चुरगळतो. मग कोणी पॅडखालची स्प्रिंग बदलतो, कोणी ब्रॅकेट वाकवतो, कोणी पिव्होटची, म्हणजे भाग ज्या बिंदूभोवती फिरतो त्याची, जागा सरकवतो. यातल्या बहुतेक युक्त्या पेटंटच्या लायकीच्या नसतात. काही असतात, पण त्यांचेही अर्ज परीक्षेत गळतात. त्या अर्जांत भागांची यादी असते, पण ते भाग एकमेकांवर कसे काम करतात हे लिहिलेले नसते. अर्ज तपासणाऱ्या पेटंट ऑफिसच्या अधिकाऱ्यापुढे, म्हणजे एक्झामिनरपुढे, मशीन नसते, फक्त कागद असतो. शिवाय पेटंट कायद्याचे कलम ५९ असे आहे की मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे शोधाच्या लेखी वर्णनात, जे नाही ते पुढे दुरुस्तीच्या नावाखाली घालता येत नाही. म्हणून परीक्षेची खरी तयारी अर्ज भरण्याच्या आधीच करावी लागते.

आधी ठरवा: पेटंट की डिझाइन

‘डिझाइन’ या शब्दाने अनेकांची गल्लत होते. मशीनचे बाहेरचे रूप, ट्रेचा आकार, झाकणाची वळणे यांसाठी डिझाइन कायदा, २००० आहे. त्यात १० वर्षांचे संरक्षण मिळते आणि ते आणखी ५ वर्षे वाढवता येते. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला अर्जाची फी १,००० रुपये आहे. डिझाइनसाठीच्या आंतरराष्ट्रीय लोकार्नो वर्गीकरणात झेरॉक्स मशीन १६-०३ मध्ये आणि संगणकाला जोडायचा स्कॅनर १४-०२ मध्ये बसतो. पण ज्याचा आकार निव्वळ कामासाठी तसा आहे, म्हणजे जो यांत्रिक भागच आहे, तो डिझाइनच्या व्याख्येतून वगळलेला आहे. पॅड होल्डरचा कोन ४५ अंश ठेवल्याने कागद नीट सुटतो, तर तो विषय पेटंटचा. एकाच मशीनसाठी दोन्ही अर्ज करता येतात.

तोंड बंद, शोध सुरू

अर्जाची तारीख पडेपर्यंत व्हिडिओ टाकू नका, ग्राहकाला माहितीपत्रक देऊ नका, कॉलेजच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात मशीन उघडून दाखवू नका. कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शने, विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. कॉलेजच्या हॉलमधले प्रदर्शन सहसा त्यात बसत नाही. एखाद्या दुकानात चाचणीसाठी मशीन ठेवायचेच असेल, तर आधी गोपनीयतेचा साधा करार सही करून घ्या.

आता शोध. गुगल पेटंट्स, एस्पेसनेट, जपानचे जे-प्लॅटपॅट आणि आपल्या पेटंट ऑफिसचे ‘इनपास’ ही चारही संकेतस्थळे फुकट आहेत. नुसते ‘पेपर फीडर’ टाइप करून शोधले तर हजारो निकाल येतात आणि कामाचे सुटतात. त्यापेक्षा पेटंट वर्गीकरणाचा क्रमांक वापरा (शोधताना अक्षरे रोमन लिपीत द्यावी लागतात):

- बी६५एच ३/०६: रोलरने पान वेगळे करणे
- बी६५एच ३/५२: घर्षणाने दुसरे पान अडवणारे पॅड किंवा रोलर
- बी६५एच ७/१२: दोन पाने एकदम आल्यावर नियंत्रण
- जी०३जी १५/६०: कॉपियरमध्ये मूळ कागदाची हाताळणी
- एच०४एन १/१२: कागद सरकवून स्कॅन करणे

या क्षेत्रात जपानी कंपन्यांचा साठा प्रचंड आहे. जुन्या जपानी युटिलिटी मॉडेलचे (छोट्या सुधारणांसाठीचा पेटंटसारखा हक्क) यंत्राने केलेले भाषांतर वाचून काही कळत नाही. तिथे सारांश वाचत बसण्यापेक्षा थेट आकृत्या उघडा. पिव्होट कुठे आहे, स्प्रिंग कोणत्या बाजूने ढकलते, रोलर कोणत्या दिशेला फिरतो, हे पाच सेकंदांत दिसते. एक्झामिनरही तेच करतो.

मुदत संपलेले पेटंट हा अडथळा नाही असे अनेकांना वाटते. वस्तू बनवायला तो खरेच अडथळा नाही, पण नवेपणा तपासताना १९७५ सालचे मेलेले पेटंटही पूर्ण जिवंत असते.

सापडलेल्यांपैकी सर्वात जवळचे तीन दस्तऐवज निवडा आणि एक तक्ता करा. उभ्या रकान्यात तुमच्या यंत्रणेचा एकेक भाग आणि त्याचे काम, आडव्या ओळीत ते तीन दस्तऐवज. प्रत्येक घरात ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘आहे पण उलट बाजूला’ असे लिहा. हा तक्ता पुढे दोनदा कामाला येतो: दावे, म्हणजे नेमके कशाला संरक्षण हवे ते सांगणारी वाक्ये, लिहिताना आणि आक्षेपांना उत्तर देताना.

स्पेसिफिकेशन: इथे वेळ घालवा

उदाहरण घेऊ. ते समजावण्यापुरते आहे. तसेच काही जुन्या पेटंटांत सापडले तर नवल नाही.

साध्या फीडरमध्ये वर रबरी रोलर असतो, खाली स्प्रिंगवर टेकलेले पॅड. काम होण्याची अट तीन घर्षणांच्या क्रमावर उभी आहे: रोलर आणि कागदामधले घर्षण सर्वात जास्त, पॅड आणि कागदामधले मधले, दोन कागदांमधले सर्वात कमी. रोलरवर कागदाची धूळ बसली की पहिले घटते आणि पान जागीच घसरते. पॅड गुळगुळीत झाले की दुसरे घटते आणि दोन पाने जातात. दमट हवेत कागद-कागद घर्षण वाढते, तेव्हाही दोन पाने जातात. उपाय म्हणून स्प्रिंग कडक केली तर पातळ, दमट कागदावरची ओढ वाढते आणि तो चुरगळतो.

समजा, तुमची युक्ती पॅडच्या पिव्होटच्या जागेत आहे. पॅड एका लिव्हरवर आहे. लिव्हरचा पिव्होट कागद ज्या बाजूने येतो त्या बाजूला, रोलर-पॅडच्या स्पर्शबिंदूपासून २० मिमी मागे (आडवे अंतर) आणि २० मिमी खाली (खोली) आहे. स्प्रिंग स्पर्शबिंदूच्या बरोबर खाली ३ न्यूटन जोराने वर ढकलते. कागद पुढे जाताना पॅडला पुढे ओढतो, आणि त्या ओढीने लिव्हर किंचित खाली दबतो. पिव्होटभोवतीचे घूर्णबल, म्हणजे लिव्हरला फिरवणारे बळ, मांडले तर:

दाब = स्प्रिंगचा जोर × आडवे अंतर ÷ (आडवे अंतर + घर्षणांक × खोली)

घर्षणांक ०.८ असताना दाब १.६७ न्यूटन आणि कागदावरची ओढ १.३३ न्यूटन येते. घर्षणांक १.० झाला की दाब आपोआप १.५ वर उतरतो आणि ओढ १.५ होते. म्हणजे ओढ १२.५ टक्के वाढली. पॅड सरळ उभ्या खाचेत वर-खाली सरकणारे असते, तर ओढ २.४ वरून ३.० न्यूटनवर गेली असती, म्हणजे २५ टक्के वाढ. पिव्होटच्या जागेमुळे वाढ निम्म्यावर आली.

आता तोच पिव्होट पुढच्या बाजूला, कागद बाहेर पडतो तिकडे नेऊन पाहा. सूत्रातल्या बेरजेच्या जागी वजाबाकी येते. घर्षणांक ०.८ ला दाब १५ न्यूटन होतो, आणि १.० ला छेद शून्य होतो. म्हणजे पॅड स्वतःच आवळत जाते आणि कागद जाम.

स्पेसिफिकेशनमध्ये हे सगळे हवे: सूत्र, आकडे, उलट बाजूला काय बिघडते ते, आणि कोणत्या मर्यादेपर्यंत परिणाम टिकतो तेही. ‘पिव्होट योग्य जागी बसवलेला आहे’ असे वाक्य लिहिणारा अर्जदार पुढे एक्झामिनरच्या हातात सापडतो. २० मिमी लिहा, पण त्याबरोबर ‘१० ते ३० मिमी, शक्यतो १५ ते २५ मिमी’ अशा उतरत्या पट्ट्याही लिहा. मोठा पट्टा जुन्या दस्तऐवजात सापडला तर लहान पट्ट्यावर माघार घेता येते. ती पायरी पहिल्या दिवशी लिहिलेली नसेल तर माघारीची जागाच उरत नाही.

मोजमापातल्या छोट्या फरकाने काय घडते तेही सांगा. एकाच शाफ्टवर १०० मिमी अंतरावर २० मिमी व्यासाचे दोन रोलर आहेत आणि एकाचा व्यास ०.१ मिमीने जास्त आहे, तर घसरण नाही असे धरून ए-४ पानाच्या २९७ मिमी लांबीत दोन्ही बाजूंमध्ये सुमारे १.५ मिमीचा फरक पडतो. पान साधारण ०.८५ अंशाने तिरके होते. अशा ओळींमुळे ‘व्यासातील फरक ०.०३ मिमीपेक्षा कमी’ हा दावा हवेतून आलेला वाटत नाही.

चाचणी स्वस्तात होते. कागदासाठी प्रमाण हवामान २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता असे मानतात. दमट बाजूसाठी झाकणबंद प्लास्टिकच्या पेटीत मिठाचे संपृक्त पाणी उघड्या ताटात ठेवा, मीठ तळाशी उरेल इतके. २५ अंशाच्या आसपास पेटीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. पाने पाण्यापासून दूर, जाळीवर सुटी पसरून २४ तास ठेवा. गठ्ठा तसाच ठेवला तर फक्त कडा ओल्या होतात, पाने लाटेसारखी वाकतात आणि चाचणी फसते. ६०, ७० आणि ८० जीएसएमची (ग्रॅम प्रति चौरस मीटर) प्रत्येकी १,००० पाने, तेच मशीन, तोच रोलर, आधी जुना पॅड होल्डर आणि मग नवा. दुहेरी पाने, जाम आणि तिरकेपणा वेगवेगळे मोजून तक्ता स्पेसिफिकेशनमध्येच घाला. हा तक्ता नंतर उत्तरासोबत जोडला तर त्याचे वजन कमी पडते.

आकृत्या ए-४ कागदावर असाव्यात. वर आणि डावीकडे किमान ४ सेंमी, खाली आणि उजवीकडे ३ सेंमी समास. आकृतीवर वर्णन लिहायचे नाही, फक्त क्रमांक. एका भागाला सगळ्या आकृत्यांत एकच क्रमांक. कॅडमधला रंगीत शेडिंगवाला फोटो देऊ नका, रेषाचित्र द्या. एक आकृती बळे दाखवणारी असू द्या, बाणांसह. यांत्रिक अर्जांत हीच आकृती बहुधा नसते. शीर्षक १५ शब्दांच्या आत, सारांश १५० शब्दांच्या आत. मजकूर हिंदी किंवा इंग्रजीतच चालतो, मराठीत नाही. मेकॅनिककडून युक्ती मात्र मराठीत आणि मशीन समोर ठेवून समजून घ्या, कारण फॉर्म भरणाऱ्याला पिव्होटची बाजू चुकीची कळली तर पुढचे सगळेच उलटे होते.

दावे

पहिला दावा दोन भागांत लिहा. आधी जे माहीत आहे ते: रोलर, पॅड, स्प्रिंग. मग ‘वैशिष्ट्य असे की’ म्हणून जे नवे आहे ते: पिव्होट कुठे, कशाच्या संदर्भात, आणि त्यामुळे ओढ वाढली की दाब कसा उतरतो. मोजमाप नेहमी एखाद्या भागाच्या संदर्भाने द्या. ‘वर’, ‘मागे’ असे मोघम शब्द नकोत. त्याखाली अवलंबून असलेले दावे: अंतराचे पट्टे, पॅडचे साहित्य, लिव्हरचा थांबा. दहा दाव्यांपर्यंत जादा फी नाही, आणि अशा यंत्रणेला दहा पुरतात.

दाव्यात गर्दी केल्याने तो बळकट होत नाही. काचेवर कागद ठेवायच्या फ्लॅटबेड स्कॅनरमध्ये आरशांच्या दोन गाड्या २:१ वेगाने धावतात, म्हणजे प्रकाशाच्या वाटेची लांबी बदलत नाही. ही कित्येक दशकांची जुनी रचना आहे. ती पहिल्या दाव्यात घुसडली तर नवेपणा तसूभर वाढत नाही. उलट या आरशांशिवाय चालणारा सीआयएस सेन्सर वापरणारा स्पर्धक तुमच्या दाव्यातून अलगद निसटतो.

अर्ज आणि फी

महाराष्ट्रासाठी पेटंट ऑफिस मुंबईला, अँटॉप हिलवर आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो. फॉर्म १ अर्ज, फॉर्म २ स्पेसिफिकेशन, फॉर्म ३ परदेशी अर्जांची माहिती, फॉर्म ५ संशोधकांची घोषणा. एजंट असेल तर फॉर्म २६. उद्यम नोंदणीवर लघुउद्योगाची सवलत घ्यायची तर फॉर्म २८.

व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे, ३० पाने आणि १० दाव्यांपर्यंत. त्यापुढे प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक दाव्याला ३२० रुपये. यंत्रणा पूर्ण झालेली नसेल तर आधी तात्पुरते स्पेसिफिकेशन देऊन तारीख पकडता येते. पूर्ण स्पेसिफिकेशन १२ महिन्यांत द्यावे लागते. तात्पुरत्यातही पिव्होटची बाजू आणि बळांची आकृती घाला. त्यात नसलेल्या गोष्टीला ती आधीची तारीख मिळत नाही.

दोन ठिकाणी छोटे उद्योग नेमके अडखळतात. पहिले, मालकी पेढीच्या नावाने अर्ज. पेढी ही मालकाहून वेगळी कायदेशीर व्यक्ती नाही, तेव्हा अर्ज मालकाच्या स्वतःच्या नावाने करा. दुसरे, संशोधक म्हणून कोणाचे नाव. पैसे ज्याने घातले तो आपोआप संशोधक ठरत नाही. पिव्होट सरकवण्याची कल्पना मेकॅनिकची असेल तर संशोधक मेकॅनिक, आणि त्याने मालकाला हक्क दिल्याची सही अर्जावर किंवा करारात हवी. हा पुरावा अर्जानंतर सहा महिन्यांत द्यायचा असतो. मेकॅनिक नोकरी सोडून पुण्याला गेल्यावर सहीसाठी शोधत फिरण्यापेक्षा ती अर्जाच्या दिवशीच घेतलेली बरी.

परीक्षा आपोआप होत नाही. फॉर्म १८ भरून मागणी करावी लागते, फी ४,००० रुपये. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे; पूर्वी ती ४८ महिने होती आणि अनेकांच्या डोक्यात अजून तोच आकडा आहे. मुदत चुकली तर अर्ज मागे घेतला असे धरतात. लवकर निकाल हवा असेल तर स्टार्टअप, लघुउद्योग किंवा अर्जदारांत महिला असलेल्या व्यक्तींना फॉर्म १८ए चा जलद मार्ग आहे. त्याची फी ८,००० रुपये, आणि सोबत लवकर प्रसिद्धीसाठी फॉर्म ९, २,५०० रुपये. एरवी अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो.

पहिला परीक्षा अहवाल

अहवाल, म्हणजे एफईआर, आला की घाबरायचे कारण नाही. आक्षेप जवळजवळ प्रत्येक अर्जाला येतात. तारीख मात्र ताबडतोब लिहून ठेवा. उत्तराला सहा महिने आहेत, फॉर्म ४ भरून आणखी तीन मिळतात. त्यानंतर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. फॉर्म ३ ची अद्ययावत माहिती तीनच महिन्यांत द्यायची असते, ती मुदत वेगळी आहे.

यांत्रिक अर्जात पुढचे आक्षेप हमखास येतात.

नवेपणा. एक्झामिनर एकच दस्तऐवज, डी-१, दाखवून म्हणतो की सगळे यात आहे. तुमचा तक्ता काढा आणि डी-१ च्या आकृत्या पाहा. दाव्यातला एक भाग जरी त्या एका दस्तऐवजात नसेल, तरी नवेपणाचा आक्षेप पडतो. उत्तरात नेमका परिच्छेद आणि आकृतीतला क्रमांक द्या.

अनुमानिता, म्हणजे ‘हे तर जाणकाराला सुचलेच असते’. खरी लढाई इथे. डी-१ मध्ये पॅड आणि स्प्रिंग, डी-२ मध्ये लिव्हर. दोन्ही जोडले की झाले, असे म्हणणे येते. ‘आमचे मशीन चांगले चालते’ हे याचे उत्तर होत नाही. उत्तर या क्रमाने बांधा: डी-१ मध्ये ओढ वाढली तर काय होते, डी-२ चा लिव्हर कशासाठी आहे, बहुधा पॅड बदलणे सोपे व्हावे म्हणून, डी-२ चा पिव्होट कोणत्या बाजूला आहे. तो पुढच्या बाजूला असेल तर दोन्ही जोडल्यावर पॅड आवळणारी यंत्रणा मिळते, म्हणजे तुमच्या अगदी उलट परिणाम. मग स्पेसिफिकेशनमधले सूत्र आणि चाचणीचा तक्ता दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात, लेथवर भांडी धरण्याच्या सुधारणेबाबत, निव्वळ वर्कशॉपमधली सुधारणा पेटंटला पुरत नाही असे ठरवले. एक्झामिनर तोच निर्णय पुढे करू शकतो, तेव्हा तो आधी वाचून ठेवा. स्प्रिंग ३ ऐवजी ४ न्यूटनची केली, हे त्या प्रकारात जाते.

कलम ३(एफ). माहीत असलेली उपकरणे नुसती शेजारी-शेजारी मांडली आणि प्रत्येकजण आपले जुनेच काम स्वतंत्रपणे करतो, तर तो शोध नाही. टॉर्क लिमिटर (ठराविक जोरापुढे घसरणारा भाग), दुहेरी पान ओळखणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि वाकवता येणारा ट्रे एकाच मशीनमध्ये बसवले, तर हा आक्षेप रास्तच आहे. पण सेन्सरला दोन पानांमधल्या हवेच्या थरामुळे लहरी क्षीण झालेल्या जाणवल्या आणि त्या संकेतावर क्लच सुटून रिटार्ड रोलर (दुसरे पान अडवणारा) उलटा फिरून दुसरे पान परत ट्रेमध्ये ढकलत असेल, तर भाग एकमेकांवर अवलंबून आहेत. ते अवलंबन दाव्यात दिसले पाहिजे. याच दाव्यात सगळा भर नियंत्रणाच्या प्रोग्रॅमवर दिला तर निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाकारणारे कलम ३(के) अंगावर येते. सेन्सर, क्लच आणि रोलर पुढे ठेवा.

एकापेक्षा जास्त शोध. फीडर आणि झाकणाची बिजागरी एकाच अर्जात असतील तर हा आक्षेप येतो. एक ठेवा, दुसऱ्यासाठी कलम १६ खाली विभागीय अर्ज करा. तारीख मूळचीच मिळते.

स्पष्टता आणि औपचारिक त्रुटी पटापट निपटा: क्रमांक जुळवणे, समास, सही. यावर तीन पाने वाद घालणारे अर्जदार असतात. तो वेळ अनुमानितेवर द्यावा.

दावा दुरुस्त करताना खुणा केलेली आणि स्वच्छ, अशा दोन्ही प्रती द्या. प्रत्येक बदल मूळ स्पेसिफिकेशनच्या कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत आहे ते लिहा. पिव्होटचा पट्टा १० ते ३० वरून १५ ते २५ मिमी केला, तर तो मूळ मजकुरात आधीपासून असला पाहिजे.

सुनावणी

उत्तराने समाधान झाले नाही तर सुनावणीची नोटीस येते, किमान दहा दिवस आधी. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते, महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटे काढायची गरज नाही. फक्त नोटिशीतल्या मुद्द्यांवर बोला. बळांची आकृती आणि तक्ता स्क्रीनवर तयार ठेवा. शक्य असेल तर पिव्होट ज्याने बसवला तो माणूस शेजारी बसवा, कारण तांत्रिक प्रश्नाचे उत्तर तो एका वाक्यात देतो. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणे द्यायचे. पर्यायी, जास्त अरुंद दावा त्यासोबत द्यायचा असेल तर तो आधीच लिहून ठेवा.

अर्ज नाकारला गेला तर एका महिन्यात पुनर्विलोकन मागता येते, किंवा तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येते. मंजूर झाला तर मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. नूतनीकरण तिसऱ्या वर्षापासून लागते: व्यक्ती आणि लघुउद्योगाला तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी दरवर्षी ८०० रुपये, सातव्या ते दहाव्यासाठी २,४००, पुढे ४,८०० आणि शेवटच्या पाच वर्षांसाठी ८,०००. परीक्षेत गेलेल्या वर्षांची साचलेली फी, पेटंटची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत एकदम भरावी लागते. पेटंट वापरात आहे की नाही याचे निवेदन, फॉर्म २७, आता दर तीन आर्थिक वर्षांनी एकदा द्यायचे असते.